कुन्नूरची तीन झाडं आणि एक मफलर

आमच्या कुंभकोणमला थंडी नाही, पण थंडीची भीती भरपूर आहे. मार्गळी, म्हणजे धनुर्मास लागला की गावातली पुरुष मंडळी कानांवरून मफलर घेऊन हनुवटीखाली गाठ मारतात आणि महिनाभर एकमेकांशी ओरडून बोलतात, कारण कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. मुलांच्या कानांत कापूस जातो. ताक बंद होतं. पहाटे दवात बाहेर पडलेल्या माणसाला गल्लीतली चार माणसं तरी रागावतात. अशा दिवसांत पुण्याकडचा एखादा पाहुणा आला तर तो सदऱ्याच्या बाह्या वर सारून हवा किती छान आहे म्हणतो. आम्ही त्याच्यासाठीही एक मफलर काढून ठेवतो.

हे आधी सांगून टाकलं, कारण माझ्या पस्तीस वर्षांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक या मफलरातून झाली.

माझा धंदा झाडांचा. अरसलार नदीच्या काठी माझी रोपवाटिका होती. आमचे पूर्वज मराठी राजांच्या काळात लेखणी घेऊन या मुलखात आले, आणि तेव्हापासून घराण्यात सगळे लेखणीवरच जगले. मी इंटरला दोनदा आपटलो आणि फावडं उचललं. वडील त्यानंतर बरीच वर्षं लोकांना 'सेतू शेतीखात्यात आहे' असं सांगत. बाजारात मला सगळे 'रायर' म्हणत. आमच्या लोकांना तमिळ माणसं तसंच म्हणतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा आमचा शिरस्ता. आमची मराठीही तुम्हाला जुनाट वाटेल. 'करतो आहे' याला आम्ही 'करूलालों' म्हणतो. लिहायची मराठी मी टपालानं येणाऱ्या मासिकांतून शिकलो, तेव्हा इथे ती वापरतो, आणि माणसं बोलतील तेव्हा त्यांना त्यांच्यासारखं बोलू देतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रोपवाटिकावाला म्हणजे रोपं विकणारा. रोप विकणं हे सोपं काम. अबोली, मोगरा, तुळस, क्रोटन ही तर आपोआप खपतात. खरं काम त्यानंतर गिऱ्हाइकाच्या मायेला आवर घालण्याचं. मी पाहिलेल्या मेलेल्या झाडांपैकी बहुतेक पाण्यावाचून मेली नाहीत, पाण्यानं मेली. एक म्हातारे गृहस्थ दर तीन महिन्यांनी नवी तुळस न्यायला येत आणि माझी माती वाईट आहे म्हणून भांडत. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. घरात तीन सुना, तिघींचं एकमेकींशी पटत नव्हतं, आणि तिघी वेगवेगळ्या वेळी आंघोळ करून तुळशीला भरलेला तांब्या घालत होत्या. मी त्यांना तीन तुळशी दिल्या. नंतर ते गृहस्थ भांडायला आले नाहीत. दारासुरमचा एक विणकर यायचा, तो कधी झाड घेत नसे. रेशमाची लड हातात धरून तो फुलाफुलापाशी उभा राहायचा, रंग जुळला की मान हलवायचा आणि सायकलवर बसून जायचा. मला त्याचा कधी राग आला नाही.

आता कुन्नूरच्या झाडांचं सांगतो. साल पन्नास आणि साठ यांच्या मधलं कुठलं तरी होतं. शामराव वकील आमच्याच मराठी लोकांतले, माझ्या आईकडून लांबचे नातेवाईकही. दिवाळीच्या पावसात, आमच्याकडे खरा पाऊस तेव्हाच पडतो, एका सकाळी त्यांचा निरोप आला की अक्का आली आहे, तिच्याबरोबर काही झाडं आहेत, येऊन बघून जा.

ही अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गोदाक्का. दहा-बारा वर्षांनी मोठी. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला. पुढे मद्रासला जाऊन शिकल्या आणि नीलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरला, मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. आईवडील गेल्यावर शामरावांना शिकवून वकील त्यांनीच केलं. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि शामरावांनी हट्टच धरला होता की अक्कानं आता आपल्या घरी येऊन आराम करायचा. कुन्नूरला त्यांच्या बरोबरीच्या एका शिक्षिकेनं त्यांच्यासाठी खोली राखून ठेवली होती, हेही मला पुढे कळलं.

तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडच्या घरांना रस्त्याच्या बाजूला जो ओटा असतो त्यावर, तीन कुंड्या मांडल्या होत्या. त्या फ्युशियाच्या होत्या. मी तोवर हे झाड चित्रातच पाहिलं होतं. गुडघ्याएवढं झुडूप, नाजूक पानं, आणि फांदीच्या टोकांना खाली लोंबणारी फुलं. वरच्या पाकळ्या तांबड्या, आतला घेर जांभळा, त्यातून तंतू खाली आलेले. शामरावांच्या घरातल्या बायकांनी पहिल्या तासाभरातच त्याला 'जिमिक्की झाड' हे नाव देऊन टाकलं होतं. जिमिक्की म्हणजे कानातले झुमके, आणि खरोखर तसंच दिसायचं ते.

गोदाक्का उंच, सडसडीत, पांढरं लुगडं, चष्मा. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं आणि शामरावांसमोर म्हणाल्या, "सेतू, तूं साक्षीला राहा. माझा भाऊ वकील आहे, साक्षीवांचून त्याला कांहीं पटत नाहीं. मी वर्षभर बघतें. हीं झाडें येथें राहिलीं तर मीही राहीन. नाहींतर कुन्नूरला माझी खोली आहे."

शामराव हसले. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र ते हसत नव्हते. माझा हात धरून म्हणाले, "सेतूराव, कसेंही करा. तिनें माझ्यासाठीं सगळें केलें. आतां ती परत डोंगरांत एकटी जाऊन राहिली तर मज तोंड दाखवायला जागा नाहीं." त्या दिवसापासून ती झाडं माझ्यावर आली.

दिवाळीचा पाऊस संपेपर्यंत झाडं बरी होती. मग मार्गळी आली. त्याच सुमारास शामरावांच्या मुलीचं बाळंतपण तिरुच्चीला होतं, आणि गोदाक्का महिनाभर तिकडे गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या की पाणी बेतानं घाल, बाकी झाडं आपलं बघतील.

चार दिवसांनी शामराव स्वतः रोपवाटिकेत आले. डोक्याला मफलर, अंगावर शाल. म्हणाले, पनि पडायला लागली आहे. पनि म्हणजे दव, पण आमच्याकडे तो शब्द लोक एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसा घेतात. झाडं उघड्यावर आहेत, परक्या मुलखातली आहेत, नाजूक आहेत, काहीतरी करा, म्हणाले. मी त्यांना धीर दिला, कारण माझ्याकडे पुस्तक होतं. गाव सोडून विलायतेला परत गेलेल्या कोणा साहेबाच्या सामानातून ते माझ्याकडे आलं होतं. कव्हर गेलेलं, पण आतली पानं शाबूत, आणि त्यात फ्युशियावर पूर्ण एक पान होतं. मी ते शामरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण दोघांच्याही कानांवर मफलर होते. थंडी सुरू होण्याआधी पाणी तोडा. फांद्या छाटा. कुंडी गवतानं गुंडाळा. अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. वसंतापर्यंत हात लावू नका. शामरावांना ते फार पटलं. छापलेलं आहे, म्हणाले.

मी तिन्ही झाडं छाटली. भाताच्या पेंढ्यानं गुंडाळली, वरून तागाची पोती बांधली, आणि शामरावांच्या घरात मागच्या बाजूला सरपणाची अंधारी खोली होती तिथे ओळीनं उभी केली. पोत्यांच्या तोंडाला गाठी मारताना माझ्या मनात आलं की आता आपल्याला गोदाक्कांसमोर मान वर करून उभं राहता येईल. काम मी फार नीट केलं होतं. आजही ते आठवलं की मला लाज वाटते.

धंद्यात तेव्हा मला दहाएक वर्षं झाली होती. कुठल्याही नव्या झाडाबद्दल मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचो की हे कुठून आलं, तिथे हवा कशी होती. या झाडांबद्दल तो प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. थंडी म्हणजे काय हे मला माहीतच आहे असं मी धरून चाललो. माझ्याच कानांवर ती बांधलेली होती.

संक्रांत झाली आणि गोदाक्का परत आल्या. मी झाडं कशी सांभाळली ते दाखवायला उत्साहानं गेलो. त्यांनी सरपणाच्या खोलीचं दार उघडलं, पोती पाहिली, आणि एकेक गाठ स्वतः सोडली. पहिल्या कुंडीत काटक्या होत्या. दुसरीतही तेच. तिसरीच्या बुंध्याला पांढुरके, दोऱ्यासारखे दोन कोंब फुटून अंधारात वाकडेतिकडे पडले होते.

"हें कोणी केलें?"

"मी केलों, अक्का," मी म्हणालो. "शामरावांनीं सांगितलें, आणि पुस्तकांतही तसेंच आहे."

त्यांनी पुस्तक आणायला लावलं. ते पान शांतपणे पूर्ण वाचलं. "हें पुस्तक विलायतेचें," त्या म्हणाल्या. "तेथें हिवाळ्यांत तळें गोठतें, त्यावर माणसें चालतात. तूं हें कुंभकोणमांत, मफलर बांधून वाचलास." मग त्यांनी सांगितलं की कुन्नूरला डिसेंबरात ही झाडं उघड्या ओसरीवर असत आणि सकाळी पानांवर दव असे. आमच्या गावात वर्षभरात त्या झाडांना मानवण्यासारखे जे दोन-तीन महिने होते, नेमके तेच मी त्यांना पोत्यात घातले होते. शामराव मागे उभे होते. त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "जपून मारलांत तुम्मी दोघे."

आवाज चढला नव्हता. तरी मला तिथून निघून जावंसं वाटलं. धंद्यात शिव्या खाल्ल्या आहेत, मेलेलं रोप अंगावर फेकणारी गिऱ्हाइकंही पाहिली आहेत, पण ते चार शब्द त्या सगळ्याहून जास्त लागले.

बुंध्याची साल नखानं किंचित खरवडून पाहायची, हा आमच्या धंद्यातला नाडी बघण्याचा प्रकार. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. दोन झाडं वरपासून खालपर्यंत तपकिरी निघाली. तिसरं हिरवं होतं. ते मी उजेडात आणलं, हळूहळू पाणी दिलं. महिना-दीड महिन्यात कोंबांना रंग आला. पण तोवर मासी, म्हणजे माघ-फाल्गुनातला महिना, सरत आला होता, आणि पुढे आमचा उन्हाळा होता. आमचा उन्हाळा कसा असतो हे मी तुम्हाला सांगत नाही. चैत्र-वैशाखात कुंभकोणमला येऊन पाहा.

त्या वेळी गोदाक्कांनीच मार्ग काढला. म्हणाल्या की पुस्तक खोटं नाही, फक्त आपल्या गावाला उलटं लागतं. विलायतेत या झाडाला थंडी मारते, इथे ऊन मारेल, तेव्हा थंडीत करायचं ते उन्हाळ्यात करू. छाटू, निजवू, आणि गावातल्या सगळ्यात थंड जागी ठेवू. सगळ्यात थंड जागा कोणती, ते तुला माहीत असेल.

ते मला माहीत होतं. गावाबाहेर कावेरीच्या बाजूला पिळ्ळै नावाच्या म्हाताऱ्याचं कोडिक्काल होतं. कोडिक्काल म्हणजे पानमळा. आमच्याकडची खायची पानं दूरवर जातात, ती अशा मळ्यांतली. हादग्याची उंच झाडं दाट लावतात, त्यांवर पानवेली चढवतात, आणि दोन वाफ्यांच्या मधून पाणी खेळवतात. भर दुपारी आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम निवतो.

पिळ्ळै मळ्याला देवळासारखा वागवायचा. आत जायचं तर आंघोळ करून, अनवाणी. बायकांनी आत यायचं नाही. आणि बाहेरची माती आत येऊ द्यायची नाही, कारण मातीबरोबर मर, म्हणजे वेली सुकवणारा रोग, येते आणि एका वेलीची मर अख्खा मळा घेऊन जाते. माझी विनंती त्यानं ऐकून घेतली आणि नाही म्हणाला. मी तीन दिवस रोज जाऊन त्याच्या बांधावर बसलो. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं की हे झाड कोणाचं. मी गोदाक्कांची सगळी हकीकत सांगितली. त्यानं तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाला की झाड आण, पण तुझी माती नदीत टाकून ये.

म्हणजे मुळं धुवायची. आधीच अर्धमेलं झाड, वर उन्हाळा दारात, आणि मुळं उघडी करून धुवायची. मला ते नको होतं, पण दुसरी वाट नव्हती. कावेरीच्या पाण्यात मी ती मुळं धुतली. पिळ्ळैच्या मळ्यातली माती नव्या कुंडीत भरून त्यात झाड लावलं, ती कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवली, आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवायची व्यवस्था केली. माठातलं पाणी ज्या युक्तीनं गार होतं तीच ही युक्ती. झाड छाटून वीतभर केलं. पहाटे आंघोळ करून, अनवाणी, मी रोज वाळूवर पाणी घालायला जाऊ लागलो. माझ्या बायकोला वाटलं की मी कसलंतरी व्रत धरलं आहे.

त्या उन्हाळ्यात शामरावांच्या घरी माझं जाणं वाढलं, आणि मला तिथलं दिसू लागलं. घर चांगलं होतं, माणसं प्रेमाची होती. गोदाक्कांनी विळी ओढली की सून ती हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, तुम्मी बसा, अक्का. त्यांनी पहाटे नदीवर जायला काढलं, तर शामराव म्हणाले की दव असतं, पाय घसरेल. गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी शिकवीन म्हणाल्या, तर शामरावांना ते लागलं. लोक म्हणतील की भाऊ बहिणीला या वयात राबवतो. एकादशीला गाडीत बसवून गोविंदपुरमला भजनाला नेत आणि आणून सोडत. बाकीचा वेळ त्या तिण्णैवर बसलेल्या असत. चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर. मी येताना दिसलो की पहिला प्रश्न झाडाचा.

वैशाखात त्यांनी ते पाहायचंच ठरवलं. शामराव कोर्टात गेल्यावर मी त्यांना बैलगाडीनं कोडिक्कालावर नेलं. त्यांना आत जाता येत नव्हतं, म्हणून त्या बांधावर उभ्या राहिल्या आणि मी कुंडी बाहेर आणली. काटकी आणि तिला तीन पानं, एवढंच होतं.

"जिवंत आहे?"

मी नखानं साल खरवडून दाखवली. हिरवा ठिपका दिसला.

"काय करूलालें मग?"

"कांहीं नाहीं, अक्का. जीव धरून बसलें आहे."

"केव्हांपर्यंत?"

"पाऊस येईपर्यंत."

त्यांनी बोटानं एक पान उचलून पाहिलं आणि मला कुंडी लवकर आत न्यायला सांगितलं. परत येताना गाडीत त्या डोळे मिटून बसल्या. उन्हानं थकल्या असतील, असं मला वाटलं.

झाड जगलं. पाऊस आला, काटकीला फांद्या फुटल्या, कार्तिकात मी कुंडी मिरवत शामरावांच्या घरी आणली. या खेपेला मार्गळीत ती तिण्णैच्या कडेला, उघड्या दवात राहिली. शामराव रोज सकाळी मफलर बांधून तिच्यासमोर उभे राहायचे. निदान पातळ धोतर तरी वरून टाकू का, असं त्यांनी एकदा विचारलं. गोदाक्का नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या, तेव्हा ते आत गेले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहिला झुमका उघडला. आठवड्यात सात झाले. दारासुरमचा विणकर कुठून ऐकून आला कोण जाणे, लड हातात धरून दहा मिनिटं उभा राहिला आणि मान हलवून गेला. शामरावांनी घरी केसरी, म्हणजे केशरी शिरा, करायला लावली आणि गल्लीत स्वतः वाटली. अक्का राहणार, असं ते प्रत्येकाला सांगत होते. माझी पाठ त्यांनी चारचौघांत थोपटली. धंद्यात एवढा मान मला आधीही मिळाला नव्हता, नंतरही नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी गोदाक्का एकट्या चालत माझ्या रोपवाटिकेत आल्या. मी खुर्ची पुसून दिली. त्या बसल्या नाहीत.

"मी जातें, सेतू."

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हणालो, "झाड राहिलें, अक्का. तुम्मी शब्द दिला होता."

"राहिलें ना. दहा महिने जीव धरून बसलें, आतां दोन महिने फुलेल, मग पुन्हा तुझ्या त्या मळ्यांत. बांधावर तूं साल खरवडून दाखवलास, तेव्हांच मज समजलें. झाड लहान आहे, तें बसूं शकतें. मज तेवढीं वर्षें नाहींत." मग जरा थांबून म्हणाल्या, "तूं काम चांगलें केलास. शामूही वाईट नाहीं. पण मज येथें नोको."

मी त्यांच्यासमोर मातीचे हात घेऊन उभा राहिलो. मला रडू येत होतं, ते मी लपवलंही नाही.

शामरावांनी मला साक्षीला बोलावलं. तिण्णैवर बसून बहिणीला म्हणाले की तू शब्द दिलास, सेतूराव साक्षी आहेत. गोदाक्का म्हणाल्या, "मग दावा लाव. हरेन मी." सबंध आयुष्य कोर्टात बोलण्यात गेलेला माणूस, पण त्यानंतर अक्का निघेपर्यंत ते घरात फारसे बोलले नाहीत. मला मात्र एकदा वाटेत गाठून म्हणाले, "तुम्मी झाड जगवलांत, म्हणून ती चालली." मी खूप विचार केला. झाड मेलं असतं तर त्या ठरल्याप्रमाणे गेल्या असत्या. झाड जगलं तर ठरलेलं मोडून गेल्या. माझ्या आठ महिन्यांच्या अनवाणी पहाटांचं काय झालं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. पण शामराव म्हणाले ते खोटं नव्हतं. मी त्यांचंच काम केलं होतं, आणि त्याच कामानं त्यांची बहीण नेली.

निघायच्या दिवशी मी बांबूच्या करंड्यात कुंडी बसवली, भोवती ओलं शेवाळ भरलं. सकाळची गाडी होती. स्टेशनवर शामराव, त्यांचं सगळं घर, आणि करंडा धरून मी. मासी लागला होता, हवा चांगली उबदार होती, तरी शामरावांच्या कानांवर मफलर होता. गाडी आली. गोदाक्का खिडकीशी बसल्या, करंडा मांडीवर घेतला. शिट्टी झाली तेव्हा शामरावांनी एकदम हनुवटीखालची गाठ सोडली, मफलर काढला, खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि बहिणीच्या डोक्यावरून, कानांवरून तो घेऊन गाठ मारली. कुंभकोणमच्या फलाटावर, त्या उकाड्यात.

मला वाटलं, त्या आता काढून परत देतील. त्यांनी काढला नाही. गाडी पुढच्या वळणाला जाईपर्यंत ते पांढरं लुगडं आणि तो तपकिरी मफलर दिसत होता. तो मफलर पहिल्यांदाच जिथे त्याची गरज होती अशा गावाला निघाला होता.

शामराव नंतर वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पुढची मार्गळी आली, आणि कुन्नूरहून माझ्या नावावर एक पोस्टकार्ड आलं. शाळेतल्या बाईंचं असावं तसं टपोरं, सरळ ओळीतलं अक्षर. मी तसाच चालत शामरावांच्या घरी गेलो. ते तिण्णैवर बसले होते. डोक्याला नवा मफलर होता. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, मीही बसलो नाही. उभ्यानंच वाचून दाखवलं. झाड ओसरीच्या वाशाला लागलें. सकाळीं सहा मुली शिकायला येतात. येथें थंडी फार. मफलर रोज बांधतें, शामूस सांग.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हनुवटीखालची गाठ सोडली, मफलर कानांवरून काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आणखी एकदां वाचा."